पांढऱ्या केसांची चवरी

विद्यार्थी वसतिगृह, ९ ऑक्टोबर १९९४

ताई,

पोचलो. धुक्यामुळे विमान मध्येच एका आडगावी उतरवलं आणि आम्हाला शाळेच्या बाकांवर झोपवलं, म्हणून उशीर झाला. लेना नदी अजून गोठायची आहे. नुसते बर्फाचे लगदे वाहताहेत. बस नाही, बोट नाही, अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे.

वसतिगृहात यंदा चौघांच्या खोलीत सहा जण कोंबलेत. खिडकीबाहेर लटकवायला अजून कुणाच्या पिशव्या नाहीत, कारण बाहेर मांस टिकेल इतकी थंडी पडलेली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाकडे मांसच नाही. खानावळीत कोबीचं पाणी मिळतं, त्याला ते सूप म्हणतात. सगळी पोरं गावाकडच्या पहिल्या ट्रकची वाट बघत बसलीत.

चांगली बातमी आता सांगतो. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला मार्गदर्शक म्हणून मला खुद्द अफनासी रोमानोविच मिळाले. विषय आहे, उत्तरेकडच्या साखा लोकांच्या गावांतल्या घोड्याविषयीच्या रूढी. ते म्हणाले, हे तुझ्या रक्तातच आहे. मग चहाला घरी बोलावलं. त्यांची मुलगी तुयारा, पियानो वाजवते, तिने मला घोड्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. मी तिला आपल्या खारचाना घोडीची गोष्ट सांगितली. मी दहा वर्षांचा असताना बर्फाच्या धुक्यात तिच्या पाठीवरून पडलो होतो आणि बाबा शोधत येईपर्यंत ती वारा अडवून माझ्या अंगावर उभी राहिली होती, ती. तुयाराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या आईच्याही.

तू याच सरांकडे दोन वर्षं शिकलीस, ते अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

एक काम कर. आपण घोड्याची कवटी झाडावर का लावतो, ते सविस्तर लिहून पाठव. बाबांच्या घोड्याची कवटी जन्मापासून बघतोय, पण कधी विचारलं नाही. आणि खारचानाचं शिंगरू कसं आहे? नोव्हेंबरात कापाल तेव्हा माझा वाटा मोठा असू दे. बरगड्या नक्की पाठव. तिला माझ्या नावाने भाकरीचा तुकडा दे.

तुझा
एर्चिम


उरुंग-क्युल, २ नोव्हेंबर १९९४

एर्चिम,

तुझं पत्र चुलीपाशी बसून दोनदा वाचलं. पहिला घास विस्तवाला देते तेव्हा तुझ्या नावाचाही देते, हे तुला माहीत आहेच, तरी लिहिते.

इथे सरकारी शेतीचं दुकान कायमचं बंद झालं. कार्यालयाला कुलूप लावलं आणि आठवड्यात लोकांनी कुलपासकट दरवाजाच काढून नेला. वासरांचा गोठा रिकामा पडलाय. मला तिथेच काम होतं, म्हणजे मीही रिकामी. वाटणीत आपल्याला दोन घोड्या राहिल्या. खारचाना तुझी, कारण बाबांनी तुझ्या नावावर केली होती. पिवळी माझी, ती गाभण आहे. खारचाना यंदा भरली नाही.

आता वाईट बातमी. शिंगरू गेलं. तळ्यावर नवीन बर्फ धरला होता, ते त्यावर पळालं आणि मधोमध आत गेलं. मी पोटावर सरपटत दोर टाकला, पण त्याला पकडता येईना. ट्रकवाला केशा गाडीतली कुऱ्हाड घेऊन आला तोवर भोक परत गोठायला लागलं होतं. खारचाना काठावर उभी होती. तिला ओढून आणलं तरी ती परत जायची. गवताला तोंड लावत नव्हती. माझ्या हातांची सालं अजून निघताहेत, म्हणून अक्षर असं आहे.

तेव्हा यंदा शिंगराचं मांस नाही. तळ्यातले मासे आणि गोठवलेल्या दुधाच्या चकत्या पाठवेन.

कवटीचं विचारलंस. ज्या घोड्याने घरासाठी काही केलं, त्याचं डोकं कुत्र्यांपुढे टाकत नाहीत. साफ करून लार्चच्या झाडावर अडकवतात, तोंड उगवतीकडे. एकदा लावली की कुणी उतरवत नाही. झाड पडेल तेव्हा ती पडेल. उतरवणं म्हणजे त्या जनावराला दुसऱ्यांदा मारणं, असं बाबा म्हणायचे. एवढं तू लिही, बाकीची भर सर घालतील. मी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचे. ते मला 'आमची वही' म्हणायचे, कारण स्वतःचं व्याख्यान त्यांना माझ्या टिपणांतूनच परत सापडायचं. बाबा गेले नसते तर आज मीही प्रबंध लिहून मोकळी झाले असते. असो. दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं, आणि तू शिकतोयस, मी त्यात खूश आहे.

सरांना माझं नाव सांग. ते ओळखतील.

तुझी ताई


विद्यार्थी वसतिगृह, २८ नोव्हेंबर १९९४

ताई,

घाईत लिहितोय. पारा उणे पन्नासखाली गेला. लहान मुलांच्या शाळा बंद, पण आमची व्याख्यानं चालूच. कोट घालून बसतो, टोप्या काढायला लावतात तेवढी शिस्त शिल्लक आहे. पेनातली शाई गोठते, ते काखेत धरून ठेवावं लागतं. परवा तिसऱ्या मजल्यावरचा गरम पाण्याचा नळ फुटला आणि संडासाच्या दारापासून जिन्यापर्यंत बर्फ झाला. पोरं त्यावर घसरत वर्गाला जातात.

कवटीचा मजकूर झकास होता. सर एकदम खूश. तळटीप दिली आहे, 'एका स्थानिक वृद्ध स्त्रीने दिलेली माहिती' अशी. नाव घालायची पद्धत नाही.

खिडक्यांबाहेर आता पिशव्याच पिशव्या लटकताहेत. आमचीच तेवढी रिकामी. शिंगरू कापलं का? कधी पाठवतेस? सरांच्या घरी मी दर रविवारी जेवतो, ताई, आणि दर वेळी हात हलवत जातो. तुयाराची आई दाराशी माझ्या हातांकडे बघते. मासे मात्र नको. एकदा गरम झाले की खोलीभर वास सुटतो आणि पोरं मला तळ्याचा म्हणून चिडवतात.

एर्चिम


उरुंग-क्युल, १० डिसेंबर १९९४

एर्चिम,

तू पत्र वाचतोस की नुसतं फोडतोस? शिंगरू बुडालं, असं लिहिलं होतं. आणि मी बत्तीस वर्षांची आहे, वृद्ध स्त्री व्हायला अजून वेळ आहे.

जाऊ दे. गोठलेल्या नदीवरून हिवाळी रस्ता सुरू झाला. वर्षअखेरीस केशा माल घेऊन शहरात येतोय, मी त्याच्याबरोबर येते. बाबा गेल्यापासून शहर पाहिलं नाही. वसतिगृहातल्या माझ्या जुन्या खोलीची खिडकी बघायची आहे. मासेच आणतेय, दुसरं काही नाही, त्यामुळे नाक दाबून घे. नव्या वर्षाची एक संध्याकाळ तुझ्याबरोबर काढेन आणि परत फिरेन. तू समोर बसून पोटभर जेवलास की झालं.

ताई


विद्यार्थी वसतिगृह, ४ जानेवारी १९९५

ताई,

तू रागावून गेलीस, असं केशा म्हणाला. पण मला सांग, मी तरी काय करणार होतो? वसतिगृहाच्या बाईने तुला सरांचा पत्ता द्यायलाच नको होता. घरात विद्यापीठातली निम्मी मंडळी जमलेली, तुयारा पियानोवर, आणि दार उघडतं तर तू. कुत्र्याच्या कातड्याचा तो कोट, भुवयांवर बर्फ, पाठीवर पोतं. सगळ्यांसमोर एकदम काय सांगू, सुचलंच नाही. तोंडाला आलं ते बोललो. दोन मिनिटांची गोष्ट. तुला आत घेतलं असतं तर ओळखी, प्रश्न, बाबांचं मरण, तुझं शिक्षण सोडणं, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. त्या संध्याकाळी ते बसलं नसतं.

रात्री तू केशाबरोबर ट्रकमध्ये झोपलीस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं तुझ्या जुन्या मैत्रिणी असतील कुणी.

मासे मात्र सगळ्यांनी आवडीने खाल्ले. गोठलेल्या माशाच्या पातळ काचऱ्या काढून, मीठमिरी लावून. सर म्हणाले, ही खरी उत्तरेची चव.

हे मनात ठेवू नकोस.

एर्चिम


उरुंग-क्युल, २० जानेवारी १९९५

एर्चिम,

मनात काय ठेवायचं आणि काय नाही, ते माझं मी बघेन. पण तोंडाला आलं ते बोललास, असं लिहून पुसून टाकतोस, म्हणून तू बोललास ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

तुयाराने विचारलं, "कोण आलंय?" आणि तू माझ्याकडे बघत म्हणालास, "कुणी नाही, आमच्या गावाकडची बाई आहे, सामान पोचवते." मग पोतं माझ्या पाठीवरून उतरवून घेतलंस आणि मला म्हणालास, "थँक्यू, मावशी."

मावशी.

सर मागेच उभे होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी खिशातून काढून मला एक चॉकलेट दिलं.

मी ते ट्रकमध्ये केशाला दिलं. तो रात्रभर इंजिन चालू ठेवून बसला होता, बंद केलं असतं तर सकाळी आम्ही दोघंही लाकूड झालो असतो.

तुझ्या खिडकीखाली जाऊन आले. तुमची पिशवी रिकामीच होती.

फेव्रोन्या


विद्यार्थी वसतिगृह, १ फेब्रुवारी १९९५

ताई,

चुकलो. पुरे? आता ऐक, कारण हे माझ्या आयुष्याचं आहे.

पंचवीस तारखेला सरांची साठी. त्याच जेवणात ते माझा आणि तुयाराचा साखरपुडा जाहीर करणार. आणि विभागात संशोधकाची एक जागा आहे, फक्त एक, ती कुणाला द्यायची हे त्यांच्या शब्दावर आहे. बाकीचे दोन इच्छुक मध्य प्रांतातल्या श्रीमंत गावांचे. त्यांचे आईबाप आत्ताच ट्रक भरून मांस, लोणी, काय काय आणताहेत. मी उत्तरेचा, घोड्यांवर प्रबंध लिहिणारा, आणि माझ्याच घरून शिंगराची एक बरगडी येत नाही. लोक हसतील की नाही?

सरांनी स्वतः विचारलं, तुमच्याकडचं शिंगरू कधी चाखवणार? मी म्हटलं, साठीला. आता शब्द देऊन बसलोय.

कुठूनही आण, ताई. उसनं घे, अदलाबदल कर, काहीही कर. भरपूर पाहिजे, तीसएक माणसं असतील. आणि तुयाराच्या आईसाठी गावची हाताने केलेली एखादी वस्तू पाठव, तिला तसल्या गोष्टी भिंतीवर लावायची हौस आहे.

तू मात्र इतक्या थंडीत प्रवास करू नकोस. केशाबरोबर पाठव, पुरे. लग्न होऊन मला घर मिळालं की तुलाच पहिल्यांदा बोलावतो, आणि तेव्हा सगळ्यांना सगळं सांगतो. शपथ.

खारचानाला माझी आठवण सांग.

एर्चिम


उरुंग-क्युल, १४ फेब्रुवारी १९९५

एर्चिम,

केशाबरोबर तीन पोती पाठवतेय. तीस काय, पन्नास माणसं जेवतील. एका पोत्यावर लाल चिंधी बांधली आहे, त्यात बरगड्या आहेत. मुद्दाम तोडल्या नाहीत, अख्ख्या ठेवल्या आहेत. ते पोतं तू स्वतः उघड, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, आणि उघडशील तेव्हा नीट बघ.

तुयाराच्या आईसाठी घोड्याच्या केसांची चवरी केली आहे. मूठ बर्चच्या लाकडाची. डास हाकायला आहे, पण शहरात डास कमी असतील तर भिंतीवर लावू देत.

शिजवाल तेव्हा पहिला तुकडा विस्तवाला दे. तिथे चूल नसेल तर गॅसवर टाक. विसरू नकोस.

आठवण सांगितली.

फेव्रोन्या


विद्यार्थी वसतिगृह, २८ फेब्रुवारी १९९५

लाडक्या ताई,

जिंकलो. अक्षरशः जिंकलो. टेबलावर बरगड्यांचं ताट आलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. मध्य प्रांतवाल्यांची तोंडं बघायला हवी होतीस. सरांनी मोठा तुकडा दातांत धरून सुरीने ओठांशी कापत खाल्ला, आपल्या आजोबांसारखा, आणि म्हणाले, असं कोवळं शिंगरू मी तरुणपणी खाल्लं होतं, त्यानंतर आज. मी दोनदा वाढून घेतलं. पोट फुटेस्तोवर खाल्लं म्हण ना. त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साखरपुडा जाहीर केला. जागेचंही जवळजवळ ठरलं.

मग मला गोष्ट सांगायला लावली, खारचाना धुक्यात माझ्या अंगावर उभी राहिली ती. सगळ्यांनी प्याले उचलले.

चवरीवर तुयाराची आई इतकी खूश आहे की काय सांगू. बैठकीच्या खोलीत, पियानोच्या वर लावली आहे. शुभ्र पांढरे केस, आणि केवढे लांब. हे कुणाचे केस, ताई?

विस्तवाला तुकडा द्यायचं मात्र गडबडीत राहिलं.

तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही.

तुझा एर्चिम


उरुंग-क्युल, १३ मार्च १९९५

एर्चिम,

कुणाचे केस ते विचारलंस. सांगते.

आपल्याकडे, आणि या अख्ख्या गावात, पांढरी घोडी एकच होती.

कुणाकडेही शिंगरू उरलेलं नाही. मी दारोदार फिरले. जे होतं ते लोकांनी नोव्हेंबरातच आपल्या पोरांना पाठवलं. घरात दोन जनावरं. पिवळी गाभण आहे, आणि ती माझी आहे. मी तिला हात लावणार नव्हते. तू लिहिलंस, काहीही कर. मी केलं.

खोटं बोलत नाही, नाइलाज होता एवढंच नव्हतं. मी तुला नाही म्हणू शकले असते. लिहिलं असतं, मांस नाही, मासे खा, नाहीतर गावी ये. पण त्या दारात तू मला मावशी म्हणालास तेव्हापासून माझ्या आत काहीतरी गोठून बसलं होतं, आणि मला वाटलं, तुलाही कळू दे, आपल्या माणसाला परकं केलं की घशाखाली काय उतरतं.

केशाने तिला धरलं. ती माझ्या मागून आली, दोरीशिवाय. वाटलं असेल, तळ्यावर नेतेय.

बरगड्या अख्ख्या ठेवल्या, कारण मला तुला संधी द्यायची होती. शिंगराची बरगडी केवढी आणि पोक्त घोडीची केवढी, चरबी कुठली पांढरी आणि कुठली पिवळीजर्द, हे बाबांनी तुला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं. मी म्हटलं, पोतं उघडेल, बघेल आणि तिथेच बसेल. जेवायला जाणार नाही. पुढच्या ट्रकने गावी येईल, मला शिव्या देईल, मारेल सुद्धा. मग मी त्याला सूप करून वाढेन आणि आम्ही दोघं रडू. असं मी ठरवून बसले होते. तू दोनदा वाढून घेतलंस.

आणि तिची गोष्ट सांगितलीस, तिला खाऊन झाल्यावर, चवरीखाली बसून.

कवटी मी साफ केली. तळ्याकाठच्या लार्चवर लावली आहे, बाबांच्या घोड्याशेजारी, तोंड उगवतीकडे. रोज तिथून पाणी आणायला जाते. मी केलं ते वाईटच केलं. तू ये. आलास तर मी तुझ्यापुढे मान खाली घालेन. रस्ता एप्रिलच्या मध्यापर्यंत आहे.

ताई


विद्यार्थी वसतिगृह, ३० मार्च १९९५

प्रिय फेव्रोन्या,

तुझं पत्र शांतपणे वाचलं. तू उगाच स्वतःला त्रास करून घेतलास, म्हणून मीही सरळ लिहितो.

मला माहीत होतं. लाल चिंधीचं पोतं उघडलं तेव्हाच कळलं की हे शिंगरू नव्हे. इतका काही मी विसरलेलो नाही. आणि चवरी बाहेर काढल्यावर कुठली घोडी, तेही कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, खोलीतल्या पोरांना विचार. पण दुसऱ्या दिवशी साठी होती आणि तीस माणसं येणार होती. मी तरी काय करणार होतो? मांस परत पाठवणार? केस कुणाचे हे पत्रात विचारलं, ते तुला सांगणं सोपं जावं म्हणून. झालं ते झालं. जनावर म्हातारं होतच आलं होतं, यंदा भरलंही नव्हतं. तूही त्यातून बाहेर ये.

सगळ्यांना वाटतंय की ते शिंगरूच होतं. ते तसंच राहू दे. इथून पुढे पत्रात जपून लिही, तुयारा माझी पत्रं वाचते.

जागा मिळाली. जूनमध्ये लग्न. घर अजून मिळालेलं नाही, सध्या सरांकडेच राहणार, त्यामुळे तुला लगेच बोलावता येईल असं वाटत नाही.

एक महत्त्वाचं काम आहे. विभागात आम्ही छोटं संग्रहालय उभारतोय, माझ्याच देखरेखीखाली. बोलता बोलता मी सरांना म्हणालो की आमच्या गावी लार्चवर अगदी ताजी, रूढीप्रमाणे लावलेली कवटी आहे. ते हरखून गेले. जुन्या कवट्या तडकलेल्या असतात, अशी अखंड मिळत नाही. रस्ता बंद व्हायच्या आत उतरवून केशाबरोबर पाठव. गवतात नीट गुंडाळ, दात पडू देऊ नकोस. उतरवायची नसते वगैरे मला ठाऊक आहे, ते मीच प्रबंधात लिहिलंय. पण काचेच्या पेटीत ती झाडापेक्षा जास्त वर्षं टिकेल, असा विचार कर.

सरांनी तुला, म्हणजे गावच्या त्या बाईला, आगाऊ आभार सांगितले आहेत.

एर्चिम


उरुंग-क्युल, ११ एप्रिल १९९५

एर्चिम,

हा शेवटचा ट्रक. बर्फावर पाणी आलंय, केशा म्हणतो रात्रीच निघायला हवं, म्हणून थोडक्यात लिहिते.

कवटी पाठवली आहे. घोडी तुझी होती, तू मागितलीस, मी नाही म्हणणारी कोण. केशाने झाडाला हात लावायला नकार दिला, म्हणून मीच चढले आणि मीच उतरवली. उतरवताना खालचा जबडा सुटला, तो तिच्याच केसांच्या दोरीने बांधला आहे. दात सगळे आहेत. बाबांच्या घोड्याची कवटी आहे तिथेच आहे, तिचं तोंड आता एकटंच उगवतीकडे आहे.

कवटीच्या खोक्यात खाली तुझी लाकडी वाटी आहे, लहानपणीच्या बर्फावर घसरायच्या फळ्या आहेत, निजायचं कातडं आहे, शाळेचा कोट आहे. खुंटीवर तुझी टोपी होती, तीही घातली. घर झाडून बघितलं, तुझं इथे आता काही राहिलेलं नाही.

तुमच्या काचेच्या पेटीवरच्या चिठ्ठीत गावाचं नाव लिही, घोडीचं नाव लिही. कुणाकडून मिळाली असा रकाना असेल, तिथे सामान पोचवणारी बाई, असं लिही. ते खरंच आहे.

पिवळी काल व्याली. शिंगरू पांढरं आहे. त्याच्या नावाने लोण्याचा एक घास विस्तवाला दिला, आणि एक माझ्या नावाने.

फेव्रोन्या